बदलीनंतरही चालणारा उपक्रम : सीमाभागातल्या आरोग्य केंद्रांसाठी

मे-जून म्हणजे कर्नाटकात बदल्यांचा हंगाम. आरोग्य केंद्रातला नवा उपक्रम मुरलाय की नुसता गाजलाय, हे याच दिवसांत कळतं. हौशी डॉक्टर बदलून जातात, नवे येतात, जुन्या वह्या कपाटात जातात आणि ज्या कामाचे फोटो पेपरात आले होते ते कुणी बंद न करताच बंद पडतं.

हा लेख खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यातल्या डॉक्टरांसाठी, सीएचओ (उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि आशांसाठी आहे. तितकाच तो ग्रामपंचायत सदस्यांसाठी आणि आरोग्य केंद्राबरोबर काम करणाऱ्या संस्था-मंडळांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की कल्पनांचा आपल्याकडे कधी तुटवडा नव्हता. ते काम कुणाचं, त्याची नोंद कुठल्या वहीत आणि त्याचा पैसा कुठून, ही तीन उत्तरं उद्घाटनाचा नारळ फुटायच्या आधी मिळालेली नसतात.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून चालू. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रानं ठरवलं, की आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातच टेबल टाकून बीपी-शुगर तपासायची आणि महिन्याच्या गोळ्या तिथंच द्यायच्या. कल्पना चांगली आहे. रानातलं काम टाकून माणूस दवाखान्यात येत नाही, पण बाजाराला येतोच. आता हे तीन वर्षांनीही चालायचं असेल तर काय करावं लागेल?

आधी एका पानावर लिहून काढा

काय करतोय ते एका कागदावर मावलं पाहिजे. मावत नसेल तर उपक्रम एक नसून तीन आहेत असं समजा. त्या पानावर दोन भाग पाडा : ज्यावाचून काम कामच राहणार नाही ते, आणि ज्यावाचून चालेल ते. बाजारातल्या टेबलाचा गाभा म्हणजे ठरलेला वार, चालू स्थितीतलं बीपी मशीन, एकदम तीस दिवसांच्या गोळ्या आणि न आलेल्या माणसाला त्याच आठवड्यात आशाचा निरोप. मंडप, बॅनर, टोप्या, तपासणीनंतरचं केळं ही सगळी हौस. पैसे आटले की हौस आधी जाऊ द्या, गाभ्याला हात लावू नका. प्रत्यक्षात होतं उलटं. बॅनर नवा छापला जातो आणि बीपी मशीनच्या सेलसाठी सिस्टर स्वतःच्या पर्समधून पैसे काढते.

काम माणसाच्या नावावर नको, पदाच्या नावावर हवं

‘हे आमच्या डॉक्टरसाहेबांनी सुरू केलं’ असं गाव कौतुकानं बोलायला लागलं, की सावध व्हावं. साहेब गेले की काम गेलं, अशी त्यातच सोय असते. पानावर माणसांची नावं लिहूच नका, पदं लिहा : तपासणी आणि नोंद सीएचओंची, गोळ्यांचा साठा फार्मासिस्टांचा, निरोप आशांचा, जागा आणि टेबल ग्रामपंचायतीचं. प्रत्येक पदाला एक बदली माणूस ठरवून ठेवा. सीएचओ बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तर कोण? सिस्टर. तिला मशीन वापरायला आत्ताच शिकवा.

मग हे पान जन आरोग्य समितीपुढं ठेवा. उपकेंद्राच्या या समितीत ग्रामपंचायतीचे अध्यक्ष हे अध्यक्ष असतात आणि सीएचओ सदस्य सचिव. तिथला ठराव इतिवृत्तात गेला, की नव्या माणसाला विचारायला कागद मिळतो. अध्यक्षांचंही भरवशाचं नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची, पण अध्यक्षपद तीस महिन्यांनी फिरतं. म्हणून समितीबरोबर ग्रामपंचायतीचाही ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल पीडीओंच्या (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांच्या) फाइलीत, आरोग्य केंद्राच्या फाइलीत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कचेरीत, अशी तीन ठिकाणी ठेवा. ठराव कन्नडमध्ये होईल, तो तसाच होऊ द्या. खाली मराठीत चार ओळींचा सारांश जोडला की समितीतल्या बायकांनाही तो वाचता येतो.

आशांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांना मिळणारा पैसा बराचसा कामागणिक असतो. त्यामुळे मोबदला नसलेलं नवं काम अंगावर पडलं, की ते पहिल्या महिन्यात उत्साहानं होतं, दुसऱ्यात ओशाळून होतं आणि पुढं होत नाही. यात आशांचा दोष नाही. त्यांच्या चालू कामालाच ते जोडता येतं का बघा. तीस वर्षांवरच्या माणसांचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका ओळखायचा) त्या भरतातच. बाजारातल्या टेबलाची यादी त्याच फॉर्मांवरून काढली, तर वेगळं सर्वेक्षण करायची गरज राहत नाही.

एक वही आत, एक वही बाहेर

उपकेंद्रातलं टेबल बघा. वह्यांची चळत, वर पोर्टल, त्यावर ॲप आणि शिवाय वॉट्सॲपवर दर संध्याकाळी ‘आजचा आकडा पाठवा’. त्यात तुमची सुंदर नवी वही आली की तिचं भविष्य ठरलेलंच.

नियम साधा करा. नवी नोंद आणायची असेल तर एक जुनी काढून टाका, किंवा नवीला जुन्याच वहीतला एक रकाना द्या. बाजारातल्या टेबलासाठी प्रत्येक रुग्णाचं एक जाड कार्ड पुरतं. त्याचा एक अर्धा भाग रुग्णाकडे राहतो आणि दुसरा, महिन्यांचे बारा चौकोन असलेला, उपकेंद्रातल्या खोक्यात. खोक्याला दोन कप्पे करा : ‘या महिन्यात आले’ आणि ‘अजून यायचेत’. माणूस आला की त्याचं कार्ड एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं. शेवटच्या आठवड्यात ‘अजून यायचेत’ कप्प्यात उरलेली कार्डं हीच आशांची यादी. संगणक लागत नाही, वीज लागत नाही, नवीन आलेल्या सिस्टरला पाच मिनिटांत समजतं. पोर्टलवरची नोंद अर्थात करावीच लागेल, पण ती कार्डावरून आठवड्यातून एकदा बसून केली तर चालते.

पैसा : उद्घाटनाचा आणि मंगळवारचा

उद्घाटनाला पैसा मिळतो. साध्या मंगळवारी संपलेल्या कापसाला मिळत नाही. देणगीदार ग्लुकोमीटर देतो, फोटो काढतो आणि जातो. मग कळतं, की या मीटरला त्याच कंपनीच्या पट्ट्या लागतात आणि सरकारी पुरवठ्यात येणाऱ्या पट्ट्या दुसऱ्याच कंपनीच्या आहेत. शिवाय पट्टीची डबी एकदा उघडली, की ठरावीक महिन्यांत संपवावी लागते. म्हणून कुणी मीटर देऊ केला तर नम्रपणे सांगा, ‘मीटर आहे, त्याच्या वर्षभराच्या पट्ट्या द्या.’ रोटरी असो, साखर कारखाना असो की गणेशोत्सव मंडळ, देणारा बहुतेक वेळा ऐकतो. त्याला आजवर कुणी असं सांगितलेलंच नसतं.

नेहमीच्या खर्चासाठी गावपातळीवर मार्ग आहेत. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त (गरजेप्रमाणे खर्चायचा) निधी असतो. उपकेंद्राला आणि आरोग्य केंद्राला स्वतंत्र मुक्त निधी असतो, आणि आरोग्य केंद्रात त्याचा निर्णय आरोग्य रक्षा समिती करते. रक्कम छोटी असते आणि मार्चअखेरीस घाईनं खर्च होते. एप्रिलमध्येच बसून लिहा : सेल, पट्ट्या, कार्डं, मशीनची वर्षातून एकदा तपासणी. ही चार ओळींची मागणी समितीत आधी मंजूर करून ठेवा.

मोठी गोष्ट हवी असेल, समजा बाजाराच्या जागी पत्र्याची शेड, तर ती ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसवा. हा आराखडा वॉर्डसभा आणि ग्रामसभेतून वर जातो आणि त्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होते. म्हणजे सप्टेंबरात वॉर्डसभेला उठून बोलणारी दोन-चार माणसं तयार हवीत. त्यांत ज्यांना टेबलाचा फायदा झाला त्या आजीबाई असल्या तर फारच उत्तम. पीडीओंना आकडेवारी पटते, सदस्यांना आजीबाई पटतात.

गोळ्यांचा हिशेब

उपक्रम बंद पडतो तो बहुधा गोळ्यांवरून. दोन बाजारदिवस ‘गोळ्या आल्या नाहीत’ ऐकलं, की तिसऱ्या वेळी रुग्ण येत नाही, आणि त्याला परत आणणं नवा रुग्ण शोधण्यापेक्षा अवघड.

हिशेब करून बघू. यादीत ८० जण बीपीचे. सुरुवात बहुतेकांची ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीनं होते. साठ जणांना रोज एक, वीस जणांना डॉक्टरांनी वाढवून रोज दोन. म्हणजे दिवसाला १००, महिन्याला ३,००० आणि तीन महिन्यांचा साठा धरला तर ९,००० गोळ्या. आता हा आकडा आरोग्य केंद्राच्या इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) गेलाय का? बहुतेक वेळा इंडेंट मागच्या वर्षीच्या खपावर जातो, आणि मागच्या वर्षी टेबलच नव्हतं. फार्मासिस्टांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. साठा एक महिन्यावर आला की शेजारच्या केंद्राकडून उसने घ्यायचे हेही लिहून ठेवा.

रुग्णाशी बोलणं हाही पुरवठ्याचाच भाग. ‘आता बरं वाटूलंय की, गोळी कशाला खाऊ?’ हे वाक्य दर बाजारी ऐकू येणार. बीपी १४०/९० च्या खाली आलं ते गोळीमुळं आणि गोळी सोडली की ते परत चढतं, हे दर वेळी तितक्याच शांतपणे सांगावं लागतं. नव्या सिस्टरना कन्नडच येत असेल तर हीच दोन वाक्यं मराठीत कार्डाच्या मागं छापा आणि त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घ्या. पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. बोर्डावर दोन्ही भाषा ठेवा. बोर्डाच्या भाषेवरून वाद उकरायला इथं माणसं तयार असतात. आरोग्याचं टेबल त्यात सापडू देऊ नका.

सीमेमुळे वाढणारं काम

बंगळुरूत किंवा मुंबईत बसून केलेल्या मार्गदर्शिकेत हा भाग नसतो, म्हणून इथं जरा थांबू.

सगळ्यात मोठी फट म्हणजे माहेर. निपाणीची सून कागलची लेक असते, बेळगावातली चंदगडची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरतात आणि मुलगी सीमेपलीकडं जाते. बाळंतपण तिकडं, जन्माची नोंद तिकडं. बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांतली हिपॅटायटिस बीची लस तिकडं, आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या लसीही बहुधा तिकडंच. इकडच्या आशाच्या वहीत मात्र ती बाई सातव्या महिन्यातच गायब होते. तिकडच्या आशाला ती अचानक नवव्या महिन्यात भेटते, हातात कन्नडमधलं थायी कार्ड (गरोदर बाईचं नोंदीचं कार्ड) घेऊन.

यावर उपाय महाग नाही. डोहाळजेवणाची तारीख आशाला घरबसल्या कळते. तीच कामाची तारीख धरा. त्या आठवड्यात एक पान भरून द्या, मराठीत आणि इंग्रजीत : आरसीएच (माता-बाल नोंदणीचा) क्रमांक, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन आणि बीपी, धनुर्वाताच्या लसीच्या तारखा, प्रसूतीची अपेक्षित तारीख, काही धोका असेल तर ठळक अक्षरात. त्याचा फोटो बाईच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्ये. मग पलीकडच्या गावातल्या आशाला एक फोन. तालुक्याच्या बैठकीत पलीकडच्या तालुक्यातल्या सिस्टरांचे सरकारी नंबर एकदा मिळवून ठेवले, की हा फोन दोन मिनिटांचा. ग्रुपवर मात्र बाईचं नाव आणि आजार टाकू नका. क्रमांक टाका, बाकी फोनवर बोला. ही गोष्ट दोन सरकारांच्या परवानगीची वाट बघत बसली तर कधीच व्हायची नाही. दोन सिस्टरांनी ठरवलं तर ती या आठवड्यात होते, आणि वर कळवायचं ते चार महिने चालवून दाखवल्यावर.

दुसरं, १०८. कर्नाटकात ही सेवा १ नोव्हेंबर २००८ पासून आहे. पण सीमेवरच्या गावात फोनला पलीकडचा टॉवर लागला, तर कॉलही पलीकडच्या राज्यात जाऊ शकतो. प्रत्येक वाडीत कुठून कुठला टॉवर लागतो ते एकदा बघून घ्या आणि आरोग्य केंद्राचा, जवळच्या गाडीवाल्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवा. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि माणूस खांद्यावरून आणावा लागतो. तिथं ज्यांची तारीख जुलै-ऑगस्टमधली, त्यांना जूनमध्येच खाली नातेवाइकांकडं आणायचं नियोजन करावं लागतं. ई-संजीवनीवरून ऑनलाइन सल्ला देणारा डॉक्टर कितीही चांगला असला तरी रेंजच नसेल तर उपयोग काय?

तिसरं, हंगाम. खानापूरची माणसं काजूच्या हंगामात गोव्याच्या बाजूला कामाला जातात, आणि सत्तरी-दोडामार्ग पट्ट्यात गेल्या दशकात माकडतापाचे रुग्ण सापडलेत. हा ताप १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, गोचिडीपासून होतो. डिसेंबर ते मे या काळात तापाच्या रुग्णाला एक प्रश्न वाढवा : ‘महिन्याभरात कुठं कामाला होता?’ त्याला वेगळा फॉर्म नको, केसपेपरवर शिक्का मारा. चिकोडी-अथणीकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारायचा. टीबीचा रुग्ण असेल तर ‘निक्षय’ पोर्टल देशभर एकच आहे. रुग्ण कोल्हापूरला गेला तर ट्रान्सफर करा, ‘पत्ता सापडला नाही’ लिहून मोकळं होऊ नका. पोषणाचे पैसेही त्याच नोंदीवर मिळतात, आणि ते १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये आहेत. त्यामुळे ट्रान्सफर व्हावी यात रुग्णालाही रस असतो, हे त्याला सांगा.

मोठ्या उपचाराला लोक बेळगावचं सिव्हिल, कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा मिरज यांतलं सोयीचं ते निवडतात. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, मग दोष कुणाला द्यायचा? योजनांचा घोळ मात्र आहे. इकडं आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. तिकडं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. राजकारण बाजूला ठेवा. रुग्णाला गाडीत बसवण्याआधी त्या दवाखान्याच्या योजना-कक्षाला फोन करून कुठलं कार्ड चालतं ते विचारायचं, ही सवय लावा.

याच जिल्ह्यातला दाखला

टिकणारी गोष्ट कशी दिसते ते बघायला लांब जायला नको. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागानं, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली. १,६२० बाळंतिणी होत्या आणि गोळी देणाऱ्या होत्या गावपातळीवरच्या नर्सबाई. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच गोळीच्या गटात १२ टक्के बायकांना झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव रोखण्यासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि टोचायला हात लागतो. या गोळीला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही, आणि ती देणारी बाई आधीच बाळंतिणीजवळ असते. आपल्या उपक्रमाला हीच कसोटी लावून बघा : आधीपासून तिथं असलेल्या माणसाच्या हातून, तिथं असलेल्या साधनांत तो होतो का?

दुसरा दाखला शिकण्याचा. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कनं श्वास द्यायचं प्रशिक्षणही याच जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातून जगभर पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही, की हाताचं कसब काही महिन्यांत उतरतं. एकदाच्या तीन दिवसांच्या कार्यशाळेपेक्षा बाळंतपणाच्या खोलीत बाहुली ठेवून पाळी बदलताना पाच मिनिटं सराव केलेला बरा. बीपी मोजण्यालाही हेच लागू : पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं बसवून, पट्टा उघड्या दंडावर. बाजारातल्या गडबडीत यातलं पहिलं काय सुटतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

आकडे तीनच, आणि थांबायची अट

दर तिमाहीला तीन आकडे फळ्यावर लिहा : यादीत किती, या तीन महिन्यांत आले किती, त्यांपैकी बीपी काबूत किती. ‘आजवर इतक्या हजार तपासण्या’ हा आकडा सांगायला बरा वाटतो, पण तोच माणूस दहा वेळा मोजला जातो आणि गोळी सोडलेला माणूस त्यात दिसतच नाही. आकडे ग्रामसभेत वाचा, वाईट असले तरी. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना सलग चार तिमाह्यांचे आकडे दाखवले, की जिल्ह्याच्या आराखड्यात हे काम घाला असं म्हणायला तोंड राहतं.

आणि पहिल्या पानाच्या तळाशी बंद करण्याची अट लिहून ठेवा. उदाहरणार्थ, सलग दोन तिमाह्या यादीतले निम्मेही आले नाहीत तर टेबल बंद करून सगळ्यांना उपकेंद्रात वळवायचं. बंद करायचं ठरलं तर त्याचीही रीत हवी. प्रत्येक कार्डधारकाला आशानं घरी जाऊन पुढच्या गोळ्या कुठं मिळतील ते सांगायचं, उरलेला साठा नोंद करून केंद्रात जमा करायचा, मशीन कुणाकडं गेलं ते ठरावात लिहायचं, आणि बाजारातल्या बोर्डावर नवी जागा व वार दोन्ही भाषांत रंगवून मगच टेबल उचलायचं.